प्रतिकृती

मुलांनो, पुण्याहून सिंहगडाकडे निघाले, की वाटेत खडकवासल्याचे धरण लागते. सुटीच्या दिवशी तेथे केवढी गर्दी असते! कोणी भाजलेले कणीस खात असतो, कोणी कांदाभज्यांच्या गाडीभोवती उभा असतो, तर कोणी पाण्यावरून येणारा गार वारा घेत नुसताच बसलेला असतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी साठवितात. पुण्यातील घरोघरच्या नळांचे पाणी बव्हंशी येथलेच.

मी मुख्याध्यापक असताना माझ्या शाळेतील मुलांना घेऊन अनेकदा येथे आलो. एकदा जूनच्या आरंभी आम्ही आलो, तेव्हा पाणी फार खाली गेले होते. काठाची माती भेगाळली होती. एका मुलीने विचारले, "सर, पुढे पाऊस पडलाच नाही तर?" तिच्या शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "आणि एकदम फार पडला तर?" मुले हसली. मीही हसून म्हणालो, "अरे, पाऊस दर वर्षी पडतोच!" मुलांना ते उत्तर पटले की नाही, कोण जाणे, मला मात्र ते पुढे पटेनासे झाले. त्यांचे प्रश्न खरे होते आणि माझे उत्तर वेळ मारून नेण्याचे होते.

ते दोन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत. पावसाळ्यात धनगर घोंगडी पांघरतो. घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही; ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीभोवतालच्या हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू असेच काम करतो. तो मुळीच नसता, तर पृथ्वी गोठून गेली असती. परंतु मनुष्याने गेली दोनशे-अडीचशे वर्षे कोळसा व खनिज तेल जाळून ही घोंगडी जाड केली आहे. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. हवा तापली, की ती अधिक बाष्प धरून ठेवते. हे बाष्प पुष्कळ दिवस अडून राहते आणि मग एकाएकी कोसळते. म्हणूनच एकाच प्रदेशात कधी दुष्काळ, तर कधी महापूर, असे दोन्ही संभवते.

पुण्यातच पाषाण येथे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. भारताच्या हवामानात होत असलेल्या बदलांचा तेथील शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात देशातील मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट गंगेच्या मैदानात आणि आपल्या सह्याद्रीत विशेष दिसली. उलट, मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढले. त्या मुलीचा प्रश्न आणि त्या मुलाचा प्रश्न, दोन्ही या अहवालात शेजारी शेजारी बसले आहेत!

पुढे काय होईल, हे शास्त्रज्ञ कसे सांगतात? याचे उत्तर खडकवासल्यातच सापडते. १९१६ साली मुंबई इलाख्यात आरंभ झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र येथे आहे. एखादे धरण किंवा बंदर बांधण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती येथे तयार करतात. तीत पाणी सोडतात, लाटा उठवितात, पूर आणतात. भिंत कोठे दुबळी पडते, गाळ कोठे साचतो, हे आधी प्रतिकृतीत पाहतात. प्रतिकृती वाहून गेली, तर कोणाचे घर बुडत नाही. पण प्रतिकृतीकडे दुर्लक्ष केले, तर घरे बुडू शकतात. हवामानशास्त्रज्ञही प्रतिकृतीच करतात. त्यांची प्रतिकृती वाळूसिमेंटची नसून आकड्यांची असते आणि ती संगणकात राहते.

तिसरी एक प्रतिकृती असते; ती शब्दांची. तिला आपण गोष्ट म्हणतो.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन त्यांनी ते टोपणनाव घेतले होते. आपल्या कीर्तीकडे पाहून नव्हे, तर कथेकडे पाहून निर्णय व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. नारळीकरांचे २०२५ साली पुण्यात निधन झाले. त्यांची 'हिमप्रलय' ही कथा हवामानाच्या पालटाविषयी आहे. तीत चक्क मुंबईवर बर्फ पडते. वसंत चिटणीस नावाच्या शास्त्रज्ञाने हिमयुगाची सूचना आधीच दिलेली असते. पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अखेर सूर्याची उष्णता शोषून घेणारे सूक्ष्म कण अग्निबाणांच्या साहाय्याने वातावरणात सोडून पृथ्वीला पुन्हा ऊब दिली जाते.

तुम्ही म्हणाल, "आज पृथ्वी तापते आहे, मग गोठण्याची गोष्ट काय कामाची?" शंका योग्य आहे. परंतु विज्ञानकथा म्हणजे पंचांग नव्हे. 'असे झाले, तर माणसे कशी वागतील?' हे ती दाखविते. आकड्यांची प्रतिकृती पाऊस किती पडेल ते सांगते. इशारा ऐकून कोण हसेल, कोण घाबरेल आणि कोण कामाला लागेल, हे शब्दांची प्रतिकृती सांगते. त्या कथेत उपाय सापडतो. पण तो उशिरा सापडतो आणि त्या उशिराची किंमत जगाला मोजावी लागते. आशा आणि कोरडे सांत्वन यांत हाच भेद आहे. 'सारे ठीक होईल' हे सांत्वन होय. 'हे केले, तर ठीक होऊ शकेल' ही आशा होय.

अशा आशेची साक्ष खडकवासल्याच्या पाण्यातही आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे राहिलेले धरण फुटले. ते पाणी खाली आले, खडकवासल्याचे धरणही भंगले आणि पुण्यात हाहाकार उडाला. परंतु आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूच्या पोत्यांच्या थप्प्या रचून पानशेतची खचणारी भिंत धरून ठेवली होती. धरण वाचले नाही. पण वेळ वाचला. पूर निजलेल्या शहरावर रात्री न येता दिवसा आला आणि असंख्य माणसांना जीव वाचविता आला.

सारे जग मिळून वागले, याचेही उदाहरण आहे. काही कृत्रिम वायूंमुळे आकाशातील ओझोनचे कवच झिजेल, असा इशारा दोन शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दिला. १९८७ साली मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी त्या वायूंना आळा घालण्याचा करार केला. ते कवच आता हळूहळू भरून येत आहे.

ती मुलगी आज भेटली, तर मी तिला म्हणेन, "बाळ, पाऊस पूर्वीसारखाच पडेल, असे वचन मला देता येत नाही. पण घोंगडी आणखी जाड होऊ न देणे, डोंगरावरील झाडे राखणे आणि धरणातील पाणी जपून वापरणे आपल्या हाती आहे. आपण रचलेले प्रत्येक पोते थोडा वेळ वाचविते." आणि मग तिलाच विचारीन, "तुझ्या गोष्टीत पुढे काय होते?"

स्वाध्याय

१. लेखकाला आपले पहिले उत्तर का पटेनासे झाले?
२. पाठात आलेल्या तीन प्रकारच्या प्रतिकृती कोणत्या? प्रत्येकीचा उपयोग सांगा.
३. 'धरण वाचले नाही. पण वेळ वाचला.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. 'इ. स. २०७५ : खडकवासल्याच्या काठावरील एक सकाळ' या विषयावर पंधरा ओळींची गोष्ट लिहा. गोष्टीत एक संकट असावे आणि त्यावर माणसांनी केलेला उपायही असावा.