मानसरोगवैद्यक आणि जगांतील वैद्यकीय विद्यार्थी

डॉक्टर होण्याची उमेद धरणाऱ्या मुलास 'पुढें कशांत प्रावीण्य मिळविणार?' असें विचारलें, तर शस्त्रक्रिया, हृदयविकार, बालरोग अशीं उत्तरें येतात. 'मानसरोगवैद्य होईन' असें म्हणणारा विरळा. आणि कोणी म्हणालाच, तर 'म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?' असें विचारून घरचीं मंडळी त्याचा उत्साह तेथल्या तेथें मावळवितात.

ही स्थिति केवळ आपल्या देशांत आहे असें मात्र समजूं नये. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत वीस देशांतील शेवटच्या वर्षाच्या २१९८ विद्यार्थ्यांचीं मतें घेतलेलीं आहेत. हा विषय निश्चितपणें घेऊं म्हणणारे शेंकडा साडेचार निघाले. मुळींच घेणार नाहीं म्हणणारे शेंकडा पंचवीस! निश्चयी विद्यार्थ्यांचें प्रमाण कोठें शेंकडा एक, तर कोठें बारा होतें. (ज्यांस प्रश्न धाडले त्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांनींच उत्तरें दिलीं, हेंही ध्यानांत ठेवावें.) पाहणीच्या कर्त्यांपैकीं डॉ. दिनेश भुग्रा हे पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले आहेत.

ह्या मुलांच्या ठायीं दया कमी होती काय? तसें दिसत नाहीं. परोपकाराच्या ओढीचा ह्या निवडीशीं संबंध आढळला नाहीं. ज्यांस मानसरोग-विभागांत चांगलें शिक्षण मिळालें, तीव्र अवस्थेंतील रोगी पाहावयास मिळाले व शुश्रूषेची कांहीं जबाबदारी अंगावर पडली, ते ह्या विषयाकडे अधिक वळले. स्वतः आजार अनुभवलेलेही त्यांत होते.

आपल्याकडे हा विषय सामान्य वैद्यकाच्या परीक्षेंतच सामावलेला असून रुग्णालयांत त्याच्या वाट्यास थोडेच आठवडे येतात. तेवढ्यांत जुनाट रोगीच नजरेस पडले, तर 'हे बरे होत नाहींत' असा ग्रह होणें स्वाभाविक आहे. वस्तुतः १९५२ सालीं फ्रान्सांत क्लोरप्रोमाझीन ह्या औषधाचा उपयोग सुरू झाल्यापासून ह्या शाखेचें रूपच पालटलें. आज उपचारांनीं अनेक रोगी आपापल्या कामधंद्यास लागतात.

उणीव किती, तें पाहा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें केरळांत लक्ष लोकांमागें मानसरोगतज्ज्ञ १.२, तर मध्यप्रदेशांत ०.०५, म्हणजे वीस लक्ष माणसांस एक!

इंग्लंडसारख्या संपन्न देशांतही ह्या शाखेच्या जागा कित्येक वर्षें रिकाम्या राहत, आणि त्या भरण्यास भारतासारख्या देशांतील डॉक्टर जात. ज्या देशांतील मध्यप्रदेशांत वीस लाखांस एक, तेथून! पुढें २०१७ सालीं तेथील मानसरोगवैद्यांच्या संस्थेनें विद्यार्थ्यांस ह्या शाखेची ओळख करून देण्याची मोहीम हातीं घेतली, आणि थोड्याच वर्षांत शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यांतील जागा बहुतेक भरूं लागल्या.