हातकागदाची वही

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील अठराव्या शतकातील मोडी कागदपत्रे आजही वाचता येतात. याचे श्रेय बोरूने लिहिणाऱ्या कारकुनांइतकेच कागद घडविणाऱ्या कारागिरांनाही द्यायला हवे. त्या काळी जुन्नर, दौलताबाद येथील कागद प्रसिद्ध होता. एकोणिसाव्या शतकात यंत्रावरचा स्वस्त कागद आला आणि हा व्यवसाय मागे पडला.

१९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने या कलेला पुन्हा हात दिला. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली.

हा कागद बनविताना प्रथम सुती चिंध्या निवडून बारीक कापतात व पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात. जाळीच्या चौकटीवर लगदा उचलला की पाणी गळून जाते व ताव उरतो. तो दाबून, वाळवून, खळ देऊन घोटतात. असे ताव शिवले की वही तयार होते.

लाकडाच्या लगद्यातील लिग्निनमुळे वर्तमानपत्र लवकर पिवळे पडते. कापसाच्या तंतूत ते जवळजवळ नसते. शिवाय त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. मात्र प्रत्येक ताव माणसाच्या हातून जातो, म्हणून ही वही महाग पडते. ते मोल द्यायला आपण तयार आहोत का, यावरच या कलेचे भवितव्य अवलंबून आहे.

शब्दार्थ : ताव – कागदाचा मोठा तुकडा, खळ – चिकट पेज, घोटणे – घासून गुळगुळीत करणे.

पाठगत प्रश्न : हातकागद दीर्घकाळ का टिकतो?