आधी गळती मोज

नाशिक

चि. सोहम,



तू पाठवलेले फोटो पाहिले. प्रत्येक जोडाला बाहेरून सिलिकॉन थापलंस, तरी स्टँडखाली ओल आहेच, आणि आता तू माशांची टाकीच मोडायला निघाला आहेस. एवढ्यात मोडू नकोस. फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहूनच पाठवते.

सगळ्यात आधी वीज. पंपाची वायर बोर्डाच्या खालपर्यंत झोळ देऊन मग वर ने, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली ठिबकेल. हे आजच कर.

आता गळतीचं. आपल्या नाशकात दिंडोरी रोडला ‘मेरी’, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, धरण सुरक्षितता संघटनेचं कामही इथूनच चालतं. धरण थोडं पाझरणार हे धरणाचे इंजिनिअर धरूनच चालतात. पाझराचं पाणी ते व्ही आकाराच्या खाचेतून वाहू देतात, मोजतात आणि वाढतंय का ते बघतात. तूही तेच कर. पाइप कोरडे पुसून प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळ. पाणी पाइपाच्या अंगानं घरंगळून भलतीकडे ठिबकतं, तेव्हा थेंब दिसतो त्याच्या वर शोध. बोअरचं पाणी असेल तर ज्या जोडावर पांढरा खार धरलाय, तिथेच आधी बघ. मग खाली वाटी ठेवून तासाभराचं पाणी मोज. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला साधारण 4 लिटर! टिश्यू कोरडे राहूनही पातळी उतरत असेल, तर शेजारी उघडी बादली भरून ठेव आणि दोन्हींची पातळी सारखीच उतरते का ते बघ. उन्हाळ्यात नुसत्या बाष्पीभवनानंही पाणी बरंच घटतं.

आणि हे नीट आठव: ओल लाइट गेल्यानंतरच येते का? पंप थांबला की पाणी वर चढवणाऱ्या रिटर्नच्या पाइपातून टाकीतलं पाणी उलटं संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीत उतरतं आणि संप भरून वाहतो. तसं असेल तर जोड निर्दोष आहेत. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाड. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. भोकात शेवाळ साचू देऊ नकोस.

जोडच गळत असेल तर तो उघडावाच लागतो. ओल्या पीव्हीसीला सिलिकॉन धरत नाही, जुन्या सिलिकॉनवर नवंही नीट चिकटत नाही. तुझा लेप म्हणूनच फुकट गेला. सिलिकॉन काचेसाठी, आणि तेही बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमचं माशांना विषारी ठरू शकतं. आट्यांचा जोड असेल तर जुनी टेप खरवडून बाहेरच्या आट्यांवर टेफ्लॉनचे पाच-सहा वेढे घट्ट दे, आटे फिरतात त्याच दिशेनं. मग हातानं आवळून पान्ह्यानं जेमतेम पाव फेरा. प्लास्टिक जास्त आवळलं की तडकतं, आणि ती तड आठवड्यानं गळू लागते. टँक निपलचा रबरी वॉशर त्याच्या रुंद कडेच्या बाजूला, म्हणजे टाकीच्या आत बसतो. नटाखाली घातला तर पाणी आट्यांतून वाट काढतं. चिकटवलेला सॉकेट गळत असेल तर तेवढा तुकडा कापून नवा घाल. सोल्व्हेंट सिमेंट लावल्यावर 24 तास थांब, मग पाइप धुऊन घे.

तेवढा वेळ माशांसाठी एअर पंप चालू ठेव. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा टाकीच्याच पाण्यात बुडवून तिथेही हवेचा दगड सोड. नळाखाली धुतल्यास तर क्लोरीननं त्यातले उपयोगी जिवाणू मरतील आणि पाठोपाठ मासे. नवं पाणी भरताना क्लोरीन घालवणाऱ्या हायपोचे थेंब विसरू नकोस.

थोडीशीच तर गळती, म्हणून बादली ठेवून दिवस ढकलू नकोस. तुझ्या 3 फूट लांब, दीड फूट रुंद-उंच टाकीत 190 किलोच्या आसपास पाणी आहे. प्लायवूडचं स्टँड ओलीनं एका कोपऱ्यात फुगलं की टाकीची पातळी बिघडते आणि तळाच्या काचेवर ताण येतो. ती काच फुटली तर मग दुरुस्ती उरत नाही.

पाइप कापशीलच, तर पंपाजवळ आणि बॉल व्हॉल्व्हच्या पुढे एकेक युनियन, म्हणजे उघडता येणारा जोड, बसवून घे. पुढच्या वेळी करवत लागणार नाही.

तुझी,
आत्या