सोडलेल्या चहाचा हिशेब

बीडकडं चातुर्मासाचा नेम धरणारं घरटी एक तरी माणूस सापडतं. आषाढी एकादशीला नेम धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी गादीवर झोपणं. मी काही वर्षांपासून हॉटेलातला चहा सोडतो आणि त्याचे पैसे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी देतो. त्यातून जे कळलं ते असं.

1. सोडायचं ते रोज पैसे खाणारं असावं.
वांगं सोडून काही वाचत नाही. त्याच्या जागी दोडका नाहीतर गवार येते आणि ती बहुधा महागच पडते. कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन कांदा बंद करतात, त्याचंही तेच. हा जिभेचा नेम झाला. चांगलाच आहे, पण त्यातून दान उभं राहत नाही. हॉटेलातला चहा दहा रुपयांचा धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून रोजचे वीस, महिन्याचे 600, चार महिन्यांचे 2400. तंबाखूचा मावा खाणाऱ्याचा आकडा याहून मोठा निघेल.

2. उपवास म्हणजे बचत नव्हे.
‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. साबुदाणा, शेंगदाणे, भगर, तूप, केळी यांचं ताट भाकरी-पिठल्याच्या ताटापेक्षा हमखास महाग. चहा सोडून मसाला दूध पिणारे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या नेमानं दूधवाल्याचं भलं झालं. सोडलं त्या जागी दुसरं काही आणायचं नाही, हे पथ्य आधी पाळावं.

3. वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळा काढावा.
महिनाअखेरीला काढू म्हणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही; तो पैसा भाजीत, पेट्रोलात कधी जिरला ते कळतही नाही. पूर्वी मी चहा टाळला की दहाची नोट वरच्या खिशातून पँटच्या खिशात घालायचो आणि रात्री कुंभाराकडच्या मातीच्या गल्ल्यात टाकायचो. आता सगळं फोनवर चालतं, सुटे पैसे खिशात नसतात. म्हणून रोज रात्री वीस रुपये दुसऱ्या खात्यावर वळवतो. एक फायदा असाही की, संस्थेला 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर देणगीवरची करसवलत मिळत नाही. खात्यातून दिलेल्या पैशाला ती अडचण नाही. नव्या करप्रणालीत मात्र ही सवलतच नाही, तेव्हा तिच्यावर डोळा ठेवून देऊ नये.

4. आपल्या नेमाचा भार दुसऱ्यावर टाकू नये.
मराठवाड्यात दारी आलेल्याला चहा विचारणं हा मान आहे. तो नाकारला की घरधनीण दूध गरम करते, नाहीतर पोराला दुकानात पिटाळून सरबताची बाटली आणवते. गरिबाच्या घरी तर हा भुर्दंडच. म्हणून मी फक्त विकतचा चहा सोडला आहे. कुणाच्या घरी समोर आलेला कप मी मुकाट्यानं घेतो. तसाही त्याला नाही म्हणून माझा एक पैसा वाचत नाही.

5. पैसा कुणाला द्यायचा ते नेम धरतानाच ठरवावं.
आमच्या जिल्ह्यात हे ठरवायला पंचांगच मदत करतं. दसरा झाला की मुकादमाची आगाऊ उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघायला लागतात. ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ते थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरं सोबत गेली की उसाच्या फडात जातात आणि शाळा सुटते. मागं राहिली तर आजीजवळ, गावातल्या हंगामी वसतिगृहात, नाहीतर शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीच्या ‘शांतिवन’सारख्या संस्थेत. कार्तिकी येते ती नेमकी याच दिवसांत. आपला नेम सुटतो आणि त्यांची निकड सुरू होते.

6. काय हवं ते आधी विचारावं.
मी वह्या न्यायच्या बेतात होतो. वसतिगृह सांभाळणाऱ्या गुरुजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी लिहून दिली: खोबरेल तेल, बारीक दातांची फणी, कपड्याचा साबण, खरजेचं मलम, मुलींसाठी पॅड, कानटोप्या. म्हणाले, “वह्या जूनमध्ये सगळेच देतात. थंडीत कुणी फिरकत नाही.” तेव्हापासून ही यादी बदलत नाही, फक्त कानटोप्यांचा आकडा बदलतो.

7. तिथीपेक्षा गरज मोठी.
2025 चा चातुर्मास 6 जुलैला लागला आणि 2 नोव्हेंबरला संपला. मधे सप्टेंबरात अतिवृष्टी झाली, सिंदफणेला पूर आला, काठच्या जमिनी खरडून गेल्या. तोवर जमलेले पैसे तेव्हाच दिले. कार्तिकीआधी दान केलं म्हणून नेम मोडला, असं काहीजण म्हणाले. म्हणोत. चहा कार्तिकीपर्यंत बंदच होता.

8. शेजाऱ्याचा नेमही बघावा.
ख्रिस्ती मंडळी राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून चाळीस दिवस, आवडीची एखादी गोष्ट सोडतात. प्रार्थना आणि उपवासाच्या बरोबरीनं दानधर्म हा त्या काळाचा भागच आहे. मुसलमान बांधवांचा रमजानचा रोजा आणि दान हातात हात घालूनच चालतात, आणि फित्रा तर ईदच्या नमाजाआधी द्यावाच लागतो, म्हणजे गरिबाघरीही त्याच दिवशी सण होतो. 2025 मध्ये हे दोन्ही काळ मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाले होते. आपल्याकडंही सोडलेली वस्तू दान करून उद्यापन करायची रीत आहेच. आपण उद्यापनाचं जेवण तेवढं ठेवलं आणि दान विसरलो. शेजाऱ्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: देण्याची मुदत आणि देणं, दोन्ही ठरलेलं असावं.

येत्या आषाढीला नेम धरणार असाल तर आदल्या रात्री कागदावर तीन ओळी लिहा: काय सोडणार, त्याचे रोजचे किती रुपये, आणि ते कुणाला देणार. तिसरी ओळ कोरी राहिली, तर नेम खुशाल धरा, पण त्याला दान म्हणू नका.