इंजिन खोलण्याअगोदर आत डोकावून पाहा



ऐन गाळप हंगामात ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर धूर ओकू लागला, की मेस्त्री पहिल्याच दिवशी सांगून मोकळा होतो, "इंजिन खोलावं लागतंय." एकदा हेड उतरले, की नवे गॅस्केट आले, रिंगा आल्या, लेथचे काम आले. ट्रॉली दारात उभी आणि तोडणीची टोळी फडात बसून, हे नुकसान निराळेच. आणि खोलल्यावर कित्येकदा निघते काय, तर एका नोझलचा दोष! उलटही घडते. "नोझल बदलून बघू" म्हणत गाडी आठ दिवस रेटतात आणि शेवटी पिस्टन लायनरला धरतो. दोन्हीकडे अडचण एकच असते, ती म्हणजे आत काय झाले आहे हे कोणी डोळ्याने पाहिलेलेच नसते.

ते पाहण्याचे साधन म्हणजे बोअरस्कोप. लांब वायरीच्या टोकाला शेंगदाण्याएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती बारीक दिवे, आणि दुसरे टोक आपल्या मोबाईलला. कल्पना जुनी आहे. माणसाच्या शरीरात डोकावण्यासाठी जर्मन डॉक्टर फिलिप बोझिनी याने १८०६ साली मेणबत्तीच्या उजेडावर चालणारी नळी दाखवली होती. काचेच्या लवचिक तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेण्याचे काम १९५४ साली हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनहून प्रसिद्ध केले. विमानाचे इंजिन, बॉयलरच्या ट्यूबा वगैरे तपासायला मोठी यंत्रे फार वर्षांपासून वापरात आहेत. शेतकऱ्याला पुरेल असे साधे यंत्र आता हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळते, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

घेताना कॅमेऱ्याच्या डोक्याची जाडी पाहावी. नोझलचे भोक वर रुंद असले तरी खाली सिलिंडरात उघडते तिथे अरुंद असते. ८ मिलिमीटरचे डोके तिथे बहुधा अडते, म्हणून ५.५ मिलिमीटरचे किंवा त्याहून बारीक घ्यावे. वायर थोडी ताठ, वाकवली तशी राहणारी असावी. लुळी वायर भोकात शिरल्यावर कुठे तोंड करील याचा नेम नाही. बाजूला पाहणारा आरसा किंवा दुसरी भिंग असेल तर फार उत्तम, कारण लायनर बाजूलाच असतो. आपल्याच मोबाईलला जोडून चित्र येते का, हे पैसे देण्याअगोदर बघावे.

आता वापर. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच नोझल काढावे. काढण्याआधी भोवतालची माती पुसून, हवा मारून साफ करावी, नाहीतर तीच माती सिलिंडरात जाते. उघड्या डिझेल पाइपांना टोपणे लावावीत. कॅमेऱ्याबरोबर हुक, चुंबक, आरसा अशी बारीक जोडणी येते. ती घट्ट बसलेली नसेल तर सिलिंडरात घालूच नये. आत गळून पडली, तर जे टाळायला निघालो तेच, म्हणजे हेड उतरवणे, नशिबी येते. पिस्टन खालीवर करायचा तर कॅमेरा बाहेर काढून हाताने पुली फिरवावी. कॅमेरा आत असताना सेल्फ मारायचा नाही. पुन्हा बसवताना नोझलखाली नवा तांब्याचा वायसर घालावा. कॉमन रेलच्या नव्या इंजिनाचे नोझल मात्र घरी काढू नये, ते काम जाणत्याचे.

पिस्टन खाली असताना लायनर पाहा. चांगल्या लायनरवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा दिसतात. त्या कारखान्यात मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या पुसून उभे ओरखडे उमटले असतील तर पिस्टन-रिंगांकडे संशय जातो. पिस्टनच्या माथ्यावर कोरडी काजळी असणे नेहमीचेच. तीच ओली, तेलकट असेल तर ऑइल वर चढते आहे. चारपैकी एकच पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ दिसला किंवा तिथे गंजाचा डाग, पाण्याचा थेंब दिसला, तर गॅस्केट किंवा हेडमधून पाणी उतरत असावे. तिथे मेस्त्रीचे म्हणणे खरे, इंजिन खोला.

एक सावधगिरी. मोबाईलवर केसाएवढा ओरखडा पाटाएवढा दिसतो. घाबरून जाऊ नये. रिंगांची पकड कॅमेऱ्याला दिसत नाही, त्यासाठी कॉम्प्रेशन गेजच लावावा लागतो. फोटो काढून दोन मेस्त्र्यांना दाखवावा हे बरे.

आमच्या मते हे यंत्र मागून आणण्यापेक्षा आपले असावे, याचे कारण इथेच आहे. बिघाड झाल्यावर काढलेल्या फोटोला शेजारी ठेवायला चांगल्या दिवसातला फोटो लागतो. हंगामाअगोदर नोझल सर्व्हिसिंगला काढतोच, तेव्हा चारही सिलिंडरांचे फोटो घेऊन ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच जागेचा फोटो काढला, की ओरखडा जुना की नवा हे कळते. एकट्याला जड वाटले तर चौघा भावकीत एक घ्या.

ठिबकवाल्या सभासदांना तर याचा दुहेरी उपयोग आहे. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून कॅमेरा आत सरकवा. पांढरी कडक पुटे दिसली तर ती क्षारांची, तिथे ॲसिड प्रक्रिया. बुळबुळीत तपकिरी किंवा हिरवा थर असेल तर तो जिवाणू-शेवाळाचा, तिथे क्लोरीन. न पाहता ॲसिड सोडणारे पुष्कळ आहेत. शेवाळ मात्र जागच्या जागी राहते. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र सोडू नका, विषारी वायू होतो. दोहोंमध्ये लाइन साध्या पाण्याने नीट धुवा. ॲसिड पाण्यात ओतावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. जमिनीखाली ठिबक असेल तर लॅटरलचे टोक सोडून पाहावे. उसाची मुळी ड्रिपरमधून आत आली असेल तर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते. गोल ड्रिपरच्या नळीत वाट अरुंद असते, तिथे वायर जोराने रेटू नये.

मोनोब्लॉक पंपाचे पाणी कमी झाले तर मेन स्विच पाडून, पाणी भरायच्या बुचातून पंख्यात पाला अडकला आहे का तेही दिसते. खोल बोअरला मात्र ही पाच-दहा मीटरची वायर पुरत नाही. तिथे बोअरचा वेगळा कॅमेरा भाड्याने बोलवावा. आणि खोडकिड्यासाठी कॅमेरा लागतो का, असे एकाने गट ऑफिसात विचारले. लागत नाही. पोंगा मेलेला कोंब उपटून विळ्याने उभा चिरावा, अळी तिथेच सापडते.