सर्व्हरचा साचा घडवणारं करिअर

संगणकशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं हल्ली घरी सांगतात, ‘मला डेव्हऑप्समध्ये जायचंय.’ आई-वडील विचारतात, म्हणजे काय करायचं असतं? उत्तरादाखल पॅकर, पपेट, टेराफॉर्म, ॲन्सिबल अशी नावं कानावर पडतात आणि काळजी कमी होण्याऐवजी वाढते. त्याच नावांची यादी छापून कुणीतरी ‘शंभर टक्के नोकरी’चा क्लास विकत असतो. म्हणून या क्षेत्रातलं एकच काम घेऊन ते आतून कसं चालतं, हे सविस्तर सांगतो. वाचताना मुलाचं कुतूहल जागं झालं, तर दिशा बरोबर आहे. मध्येच कंटाळा आला, तर तेही आताच कळलेलं बरं.

बारावीच्या निकालाच्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी निकाल उघडतात. अशी गर्दी झेलायची तर एक सर्व्हर पुरत नाही, चटकन आणखी उभे करावे लागतात. ॲमेझॉनने २००६ मध्ये तासाच्या भाड्याने सर्व्हर द्यायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये त्यांची मुंबईतली केंद्रं सुरू झाली, तेव्हापासून ‘सर्व्हर मिळेल का’ हा प्रश्न जवळपास संपला. पण भाड्याने घेतलेला सर्व्हर कोरा असतो. त्यावर सुरक्षेचे अपडेट, वेब सर्व्हर, फायरवॉलचे नियम, नोंदी साठवण्याची सोय, हे सगळं चढवावं लागतं. प्रत्येकावर हाताने चढवलं की कुठेतरी फरक राहतो, आणि सहा महिन्यांनी कोणत्या सर्व्हरवर काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून एक मशीन नीट तयार करून त्याची प्रत गोठवून ठेवतात. तिला इमेज म्हणतात. पुढचे सगळे सर्व्हर तिच्यातून निघतात.

इमेजमध्ये काय असावं, हे कुठे लिहायचं? या प्रश्नाचं एक मोठं उत्तर १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठातून आलं. मार्क बर्जेस हा मूळचा भौतिकशास्त्राचा संशोधक. त्याने लिहिलेल्या सीएफइंजिनमध्ये ‘आधी हे कर, मग ते कर’ अशा आज्ञांऐवजी मशीन शेवटी कोणत्या अवस्थेत असावं याचं वर्णन लिहायचं असतं. आधीच त्या अवस्थेत असेल तर काहीच करायचं नाही. याच वाटेने पुढे २००५ मध्ये ल्यूक कॅनीजचं पपेट आणि २००९ मध्ये शेफ आलं. पपेटमध्ये नियम एका केंद्रीय सर्व्हरवर राहतात. प्रत्येक मशीनवरचा एजंट साधारण दर अर्ध्या तासाने तिथे विचारणा करतो आणि फरक दिसला तर दुरुस्त करतो. पॅकर हे इमेज बनवण्याचं साधन मिचेल हाशिमोटोच्या हॅशीकॉर्पने २०१३ मध्ये आणलं.

आता पॅकर आणि पपेट ही दोन साधनं एकत्र कशी चालतात ते पाहू. पॅकर क्लाउडवर एक तात्पुरतं मशीन सुरू करतो, त्यात शिरतो आणि पपेटचा एजंट चालवतो. एजंट केंद्रीय सर्व्हरच्या ८१४० क्रमांकाच्या पोर्टवर जातो आणि ओळखपत्र म्हणून सर्टिफिकेट मागतो. सर्व्हरने ते मंजूर केलं की एजंट स्वतःची माहिती पाठवतो: कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, किती मेमरी, कोणतं नेटवर्क. त्यावरून सर्व्हर या मशीनसाठी नियमांची यादी तयार करतो आणि एजंट ती अमलात आणतो. इथेच नवशिक्याला पहिला धक्का बसतो. लिनक्सच्या जगात कामाअखेर शून्य हा आकडा आला तर यश, बाकी काहीही आलं तर अपयश, असा संकेत आहे. पपेट मात्र तपशीलवार निकाल मागितल्यावर २ हा आकडा देऊन सांगतो की बदल केले आणि ते नीट झाले. ४ किंवा ६ आला तर काहीतरी फसलं आहे. हे माहीत नसलेला मुलगा उत्तम चाललेलं बिल्ड, म्हणजे इमेज बनवण्याची प्रक्रिया, बिघडलंय असं समजून रात्रभर दोष शोधत बसतो.

बिल्ड झालं म्हणजे काम संपलं, असं वाटतं. माझ्या मते खरं कौशल्य तिथून पुढे लागतं. पेणच्या कारखान्यात साच्यात राहिलेला ओरखडा त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक गणपतीवर उमटतो, तसंच इमेजचं आहे. त्या तात्पुरत्या मशीनला मिळालेलं सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त चावी इमेजमध्ये राहून गेली, तर तिच्यातून निघालेले पन्नास सर्व्हर पन्नास ठिकाणांहून एकच नाव सांगत केंद्रीय सर्व्हरकडे येऊ शकतात. त्याला ते एकच मशीन वाटेल, त्यांच्या नोंदी एकमेकींवर चढतील, आणि इमेज ज्याच्या हाती पडेल त्याला ती चावीही मिळेल. म्हणून गोठवण्याआधी सर्टिफिकेटचं फोल्डर, एसएसएचच्या होस्ट की आणि मशीनची ओळख असलेला आयडी पुसावा लागतो. केंद्रीय सर्व्हरवरची नोंदही काढावी लागते. ती राहिली आणि उद्या त्याच नावाचं मशीन नवी चावी घेऊन आलं, तर सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून काल चाललेलं बिल्ड आज फसतं. शेफसोबत काम करताना मात्र पॅकर सर्व्हरवरच्या अशा नोंदी स्वतःहून काढतो, तुम्ही ‘काढू नको’ असं मुद्दाम लिहिलं नसेल तर.

मुलाखतीत याच कामावर एक चांगला प्रश्न येतो: इमेज बनवताना केंद्रीय सर्व्हर वापरावा की नियमांच्या फाइली थेट त्या मशीनवर नेऊन तिथेच चालवाव्यात? सर्व्हर वापरला तर चालू यंत्रांना लागू असलेलेच नियम इमेजलाही लागतात आणि नियमांची दुसरी प्रत सांभाळावी लागत नाही. पण तो सर्व्हर बंद असला की इमेज बनत नाही, आणि मधल्या काळात कुणी नियम बदलले तर आजची इमेज कालच्यासारखी निघत नाही. मला स्वतःला फाइली सोबत नेणं पटतं, कारण इमेज पुन्हा तशीच बनवता आली पाहिजे. शेकडो जुनी यंत्रं पपेटवर असलेल्या मोठ्या संस्थेत मात्र मी सर्व्हरचाच मार्ग धरीन. या प्रश्नाला एक छापील उत्तर नाही. उमेदवार दोन्ही बाजू तोलतो का, हे विचारणारा पाहत असतो.

म्हणून पालकांनो, साधनाच्या नावावर फी भरू नका. ॲन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलं, रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमकडे गेली. २०२० मध्ये शेफ प्रोग्रेस कंपनीकडे आणि सॉल्ट हे असंच आणखी एक साधन व्हीएमवेअरकडे गेलं, २०२२ मध्ये पपेट परफोर्सने घेतलं, २०२५ मध्ये हॅशीकॉर्पही आयबीएमची झाली. मालक बदलतात, परवान्याच्या अटी बदलतात, नोकरीच्या जाहिरातीतली नावंही बदलतात. सर्टिफिकेट कसं काम करतं, प्रोसेस म्हणजे काय, नेटवर्कवर एक मशीन दुसऱ्याला कसं शोधतं, हे ज्ञान मात्र या सगळ्या साधनांना लागतं.

पदवीबद्दल फार चिंता नको. अभियांत्रिकी, बीएस्सी संगणकशास्त्र, बीसीए, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, यांपैकी कुठूनही इथे येता येतं. पदवीनंतर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटी या विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा मला आवडते, कारण तिथे पर्यायांवर टिक करून भागत नाही, समोरच्या मशीनवर काम करून दाखवावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून फुकट ऐकता येतात. पुढचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, तेव्हा रोज दोन पानं मॅन्युअल वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल. वाचलेलं समजणं आणि केलेलं काम चार स्वच्छ वाक्यांत लिहिणं यावाचून मात्र निभणार नाही.

सरावाला आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं व्हर्च्युअलबॉक्स पुरतं. एका मशीनवर पपेट सर्व्हर ठेवा. तो जावावर चालतो आणि मेमरी बरीच खातो, पण सेटिंगमध्ये ती कमी करता येते. पॅकरने दुसऱ्या मशीनची इमेज बनवा. मग मुद्दाम सर्टिफिकेट न पुसता त्याच इमेजमधून दोन सर्व्हर उभे करा आणि केंद्रीय सर्व्हरवर काय गोंधळ होतो ते पाहा. तो गोंधळ, त्याचं कारण आणि उपाय लिहून गिटहबवर ठेवा. नोकरी देणाऱ्याच्या नजरेत असं एक पान दहा क्लासच्या प्रमाणपत्रांपेक्षा जड असतं.

आता पालकांनी शांतपणे ऐकावं असं काही. नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी चालू सर्व्हर सहसा देत नाहीत. सुरुवातीची एक-दोन वर्षं सपोर्टमध्ये, देखरेखीच्या पडद्यासमोर, कधी रात्रपाळीत जातात. नातेवाइकांना ते काम कमी दर्जाचं वाटतं, पण यंत्र बिघडतं कसं हे तिथेच शिकायला मिळतं. पुढे ऑन-कॉलची पाळी येते, पहाटे तीनला फोन वाजतो. ज्याला ठरलेल्या वेळेत ठरलेलं काम हवं आहे, त्याने दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

एआय हे सगळं खाऊन टाकेल का, असंही विचारलं जातं. नियमांच्या फाइली तो आजच लिहून देतो, तेव्हा नुसतं टंकणाऱ्याचं काम जाणार. पण त्या फाइलीतून निघालेली इमेज शेकडो सर्व्हरवर सोडायला कुणीतरी ‘हो’ म्हणावं लागतं, आणि तो ‘हो’ म्हणायला आतलं समजावं लागतं.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ असं म्हणतात तेव्हा गप्प बसू नका. इमेज किती दिवसांनी नव्याने बनवता, सुरक्षेचे अपडेट चालू सर्व्हरवर चढवता की नवी इमेज सोडता, ऑन-कॉलची पाळी किती जणांत फिरते आणि रात्री जागल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, एवढं विचारा. पगाराच्या आकड्याइतकीच ही उत्तरं घरी येऊन आई-बाबांना सांगा.