‘कोबाल्ट ब्लू’ : एका घरातील दोन एकांत

कुटुंबाचा विचार करताना ‘कोण कोणाचे?’ हे आपण चटकन सांगतो. ‘कोण कोणाला ओळखते?’ हा प्रश्न मात्र सहसा विचारीत नाही. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी वाचल्यापासून हा दुसरा प्रश्न माझी पाठ सोडीत नाही.

कथानक थोडक्यात असे : एका मध्यमवर्गीय घरातील खोलीत एक तरुण भाड्याने राहायला येतो. त्या घरातील तनय त्याच्यावर प्रेम करू लागतो आणि त्याची बहीण अनुजाही. अनुजा त्याच्याबरोबर घर सोडते. पुढे तो तिलाही सोडून निघून जातो आणि ती एकटीच परतते.

पूर्वार्धात तनय त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून बोलतो. उत्तरार्ध म्हणजे अनुजाची रोजनिशी. एकाचा श्रोता दूर निघून गेलेला, तर दुसरी स्वतःशीच बोलणारी! एका छपराखालची ही भावंडे आपले दुःख एकमेकांना सांगत नाहीत. ही निवेदनपद्धती केवळ प्रयोग नाही. तोच कादंबरीचा आशय आहे, असे मला वाटते. त्या तरुणाला लेखकाने नाव दिलेले नाही, तेही सूचक आहे.

प्रथम वाचनात माझी सहानुभूती अनुजाकडे होती. दुसऱ्या वाचनात ध्यानात आले, की तिचे दुःख निदान घराला दिसते तरी. तनयला आपले दुःख सांगायचे तर आधी आपण कोण आहोत हे सांगावे लागेल. कादंबरी आली तेव्हा असे संबंध कायद्याने गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. पण घरातले मौन न्यायालयाच्या निकालाने सुटत नाही.

यातील आईवडील एकांगी रंगविले आहेत, असा आक्षेप माझ्या एका मित्राने घेतला. मला तो पटत नाही. ते दुष्ट नाहीत. त्यांना मुलांची काळजी आहे. काळजी घेणे म्हणजे ओळखणे नव्हे, इतकेच.

मी आणि माझा थोरला भाऊ एकाच खोलीत वाढलो. पुस्तक संपले त्या रात्री मी त्याला फोन केला. बोलणे नेहमीप्रमाणे हवापाण्यापलीकडे गेले नाही. पण ते जात नाही, हे त्या दिवशी प्रथमच जाणवले.